काचेच्या टाकीतली सोयरीक

रात्रभर वाळवंटाकडून वारा सुटला होता. सकाळी तूबाखानमने खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं, तर बोटाला मैद्यासारखी मऊ पिवळी धूळ चिकटली. काशान शहरात वसंत सरता सरता हे असंच. एका नाकपुडीत गुलाब, दुसरीत माती. गल्लीत कुणाच्या तरी अंगणात गुलाबपाण्याची तांब्याची देग चढली होती आणि तिचा गोड दमट वास धुळीच्या पाठीवर बसून घराघरांत शिरत होता.

तूबाखानमने डोक्याला रुमाल आवळला, बादलीत पाणी घेतलं आणि आधी टाकीची काच पुसायला घेतली. चहा नंतर. हशमतआगा, तिचा नवरा, चहाच्या समोवारजवळ रिकामा पेला घेऊन बसला होता, तो तसाच बसून राहिला.

"टाकीची आंघोळ उरकली की या गरिबाचंही बघ," तो म्हणाला.

"गरिबाला हात आहेत."

गरिबाने उठून चहा ओतून घेतला. कापडगिरणीतली नोकरी संपून तो घरी बसला होता, आणि आता त्याला एवढं कळून चुकलं होतं की या घरात दोन गोष्टी जागच्या हलत नाहीत. एक ही टाकी आणि दुसरा तूबाचा शब्द.

टाकी खरंच जंगी होती. लोखंडी घोडीवर ठेवलेली, माणूस आडवा झोपेल एवढी लांब. भरल्यावर तिचं वजन बैलाच्या वजनात जाईल म्हणून तूबाखानमने ती भिंतीच्या कडेला, जमिनीखाली पक्कं दगडी जोतं आहे तिथेच बसवून घेतली होती. तळाला वाळू, मधे दगड, एका कोपऱ्यात वाळलेल्या झाडाचं वाकडं खोड, मागच्या बाजूला हिरव्या पाल्याची रांग. आणि पाणी. मासा मात्र एकही नाही. चेहरा करून घ्यायला येणाऱ्या बायका विचारायच्या, "खानम, मेले वाटतं मासे?"

"जन्मायचेत अजून," ती सांगायची.

"महिना होत आला," हशमतआगा पेल्यात खडीसाखर ढवळत म्हणाला, "नुसत्या पाण्याकडे बघत चहा पितोय मी."

"लोणचं घातलं त्याच दिवशी ताटात वाढून घेता का? पाणी मुरावं लागतं. मासा हगतो, त्याचं पाण्यात विष होतं. ते विष खाणारे बारीक जीव आधी वाळूत वस्तीला यावे लागतात. ते आले की मग मासे."

"आणि ते आलेले तुला दिसतात?"

"तुमची अक्कल मला कधी दिसली? आहे असं धरूनच चालले ना इतकी वर्षं."

तूबाखानमचा धंदा दोऱ्याचा. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा पीळ दोन्ही हातांच्या बोटांत, आणि बघता बघता समोरच्या बाईच्या गालावरची लव साफ. तिच्या सासूच्या काळात मुलीच्या चेहऱ्याला पहिला दोरा लागायचा तो लग्न ठरल्यावरच. त्यामुळे दोरेवालीला गावातल्या सगळ्या मुली ठाऊक, त्यांच्या आया ठाऊक. कोण दोरा लागताच किंचाळते आणि कोण दात खाऊन गप्प बसते, हेही ठाऊक. अशा बाईकडे लोक सोयरिकी विचारायला येणारच. सासूच्या मागे ते काम आपसूक तूबाकडे आलं आणि तिने ते असं काही केलं की फीनच्या बागेपासून बाजारापर्यंत तिचा शब्द चालू लागला. मुलगी दाखवायला कुणी आलं की ती तोंड बघायची नाही, आधी विचारायची: रागावली की बोलते की अबोला धरते? झोपेतून लवकर उठते का? घरात माणसं किती?

एकच सोयरीक फसली, आणि ती नेमकी घरातली.

अक्दसखानम ही हशमतआगाची थोरली बहीण, त्याची आबजी, तूबाची नणंद. तिचा एकुलता मुलगा कियूमर्स. त्याच्यासाठी तूबाने रश्तची शहला आणली. समुद्राकडची, बारमाही पावसात वाढलेली, भरल्या घरातली, सदा हसरी मुलगी. कियूमर्स विचारलं तेवढंच बोलणारा. घर अंगणाचं, ऐसपैस, आणि त्यात माणसं तीन. दुसरं वर्ष लागायच्या आत शहला माहेरी गेली ती परत आलीच नाही. कियूमर्सने शिराजला नोकरी धरली. त्यावर अक्दसखानम भर समारंभात, दहा बायकांच्या देखत म्हणाली, "आमच्या घराला तूबाने दोरा लावला. लव राहिली तिथेच, कातडं तेवढं सोलून निघालं."

तेव्हापासून दोघींनी एकमेकींचा उंबरा ओलांडला नव्हता. हशमतआगा दर शुक्रवारी एकटाच बहिणीकडे जायचा आणि परत येऊन सांगायचा, "आबजीने तुला सलाम सांगितलाय." सलाम कुणी सांगितलेला नसायचा. तूबाला ते माहीत होतं आणि तिला ते माहीत आहे हे हशमतआगाला माहीत होतं. तरी ती म्हणायची, "माझाही सांगा."

पण या नवरोजनंतर, नवं वर्ष लागल्यावर, तो आला तो दारातूनच बोलत. "आबजी म्हणाली, मोठी टाकी घेतलीयस म्हणे. मासे आले की बघायला येते."

तूबाने दातातला दोरा सोडला. समोरच्या बाईची एक भुवई कोरलेली, एक तशीच.

"खरंच म्हणाली, की हाही तुमचाच सलाम?"

"आईशपथ."

त्या दिवसापासून ही टाकी नुसती टाकी राहिली नाही. अक्दसखानम येणार होती. ती आली, बसली, चहा प्यायली की दार उघडलं. आणि त्या वेळी काचेआड एखादा जरी मासा उलटा तरंगताना दिसला, तर तिच्या जिभेला काय सुचेल हे तूबाला तिथे बसून ऐकू येत होतं.

*

जबीहचं मासेघर गावाबाहेर, हमरस्त्याला लागून. प्लास्टिकच्या छपराखाली सिमेंटच्या हौदांच्या रांगा, आत हमामासारखी दमट हवा. जबीह मूळ खेड्यातला, अंगाने उंटासारखा, बोलणं मोकळं.

"या खानम," तो म्हणाला. "आज नेनार का काही, का पुन्हा स्थळं बघून माघारी?"

"बघायलाच वेळ लागतो. न्यायला काय, पिशवीत भरली की झालं."

"मग ही बघा. वाघपट्टे. आजच दुसऱ्या हौदात घेतलेत. लई चपळ पोरं."

तूबाखानम हौदाच्या काठावर हात टेकून वाकली. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे मासे एकमेकांच्या शेपटीमागे धावत होते.

"चपळ म्हणजे खोडकर. मला फरिश्ते ठेवायचेत, जबीह." पतंगासारखा चपटा, वर-खाली लांब पंखांचा मासा, काशानात त्याला फरिश्ता म्हणतात. "त्यांचे पंख हे लोक आठवड्यात कुरतडून ठेवतील. लांब पदराच्या सुनेला असली दीर मंडळी चालत नाहीत."

"बरं, मग हे निळे-लाल बारके घ्या. भांडायचं नाव न्हाई. गोगलगाईला सुदीक वाट देतात."

"वाट देतात ते खरं. फरिश्ता वाढला की त्याच्या घशातच वाट देतील. तोंडात मावतो तो शेजारी नसतो, जबीह. ती न्याहारी असते."

मागे उभा असलेला हशमतआगा हसला. जबीहने त्याच्याकडे बघत मान हलवली. "आगा, ह्या बाईंनी तुम्हाला कसं पसंत केलं वो?"

"माझं तोंड लहान होतं."

तूबाखानमचं लक्ष नव्हतं. ती पुढच्या हौदापाशी गेली होती. टाकी मोठी म्हणजे वाटेल ते कोंबावं, असं तिचं म्हणणं नव्हतं. उलट टाकी मोठी असली की माणूस चेकाळतो, तिथेच घात होतो. तिने मनात टाकीचे तीन मजले पाडले होते. तळाला राहणारे वेगळे, मधे फिरणारे वेगळे, वर पानांच्या सावलीत मिरवणारे वेगळे; म्हणजे कुणी कुणाच्या अंगावर पाय देऊन जायला नको. शिवाय काशानच्या नळाचं पाणी जड, किटलीच्या बुडाला पांढरं कीट धरतं. परदेशातून आलेला मासा त्यात रडत बसणार.

"इथे, याच पाण्यात जन्मलेले दे," ती म्हणाली. "आणि ही काच चाटणारी जात माझ्या गळ्यात मारू नकोस. आज बोटभर, उद्या हातभर. तो मिशाळ दे, वितीच्या पुढे न जाणारा."

"तुम्हाला कुणी सांगितलं हातभर होतो म्हनून?"

"तुझ्या त्या कोपऱ्यातल्या हौदात त्याचा बाप पडलाय. मघाशीच बघितला. पोरगी बघायची असली की आधी आई बघावी."

जबीह मोठ्याने हसला. "घ्या, घ्या. पन तळात फिरनारे घोळक्यानं न्या. एकटादुकटा झुरतो. आनि फरिश्ते आज नेऊ नका."

तूबाने वळून पाहिलं. "का?"

"आधी बाकीच्यांचा संसार लागू द्या. फरिश्ता पयला गेला की अख्खी टाकी आपल्याच नावावर हाय असं समजतो. मागनं आला म्हंजे जरा वचकून ऱ्हातो."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिने मान डोलावली. "थोरली सून आधी, धाकटी नंतर. बरोबर आहे तुझं."

तसंच झालं. पहिल्या खेपेला तळ झाडणारे छोटे मिशीवाले आणि काच साफ करणारा मिशाळ. त्यांचं बस्तान बसल्यावर मधल्या मजल्याला इंद्रधनुष्याच्या झाकेचे मासे, जड पाण्यात सुखाने राहणारे. सगळ्यात शेवटी फरिश्त्यांची वयात येऊ घातलेली पिल्लं, एकाच वेताची, म्हणजे लहानपणापासून एकमेकांचे धक्के खात वाढलेली. आणि खरोखरच, बादलीने पाणी बदलावं, चिमटीने खाऊ टाकावा, यापलीकडे त्या टाकीत काही बघायला नको असं झालं. बायका दोरा लावून घेताना टाकीकडे तोंड करून बसायला लागल्या. दुखलं तरी कळेना.

हशमतआगा शुक्रवारी बहिणीकडे जाऊन सांगून आला: मासे आले.

*

काशानात कुणाच्या घरात नवी चीज आली की डोळे निववायला जायचं, आणि जाताना हात रिकामे न्यायचे नाहीत. शेजारपाजारचे येऊन गेले. कुणी बदामाची बिस्किटं आणली, कुणी गुलाबपाण्याची बाटली. अक्दसखानम आली ती डोक्यावरून घेतलेली काळी चादर अंगाशी घट्ट धरून, जिना नाही तरी जिना चढून आल्यासारखी धापा टाकत. तिने चादर बाजूला केली तेव्हा तिच्या छातीशी काचेचं गोल भांडं होतं. भांड्यात एक लाल मासा.

"तुमचे पाय आमच्या डोळ्यांवर," तूबा म्हणाली. तिने गादी पुढे सरकवली.

"डोळे अजून फुटले नाहीत ना, मग ठीक आहे," अक्दसखानम बसत म्हणाली. टाकीकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग, "माणसांच्या जोड्या संपल्या म्हणून मासे धरलेस वाटतं."

हशमतआगाने डोळे मिटले. पण आवाजात पूर्वीची धार नव्हती, हे तूबाला कळलं. बोथट सुरीने कोणी उगाच टोचावं, तसं ते होतं.

"मासे माघारी माहेरी जात नाहीत, वन्सं."

अक्दसखानमच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. मग तिने भांडं पुढे सरकवलं. "हे घे. नवरोजच्या मांडणीत ठेवायला आणला होता. लोकांचे मासे सणाच्या तेरा दिवसांत उलटे होतात. हा तीन नवरोज टिकला. कियूमर्स गेल्यापासून माझ्या घरात हलणारं एवढंच होतं. तुझ्या टाकीत शोभून दिसेल."

ही बिस्किटांची थाळी नव्हती. तूबाने त्या माशाकडे पाहिलं. बोटभर शेपटीचा, पोट सुटलेला, भांड्याच्या काचेला तोंड लावून उभा. हा आपल्या टाकीत जायचा नाही, हे तिला बघताक्षणी कळलं.

"नको वन्सं, तुमच्या हाताची सवय आहे त्याला."

"घे म्हणते ना."

"तुमच्या घरची शोभा मी कशी नेऊ?"

"तूबा, माझ्या जिवाची शपथ आहे तुला."

"तुमचा लोभ आहे तेवढा पुरे, मासा तुमच्याकडेच..."

"घेतलास." अक्दसखानमने हात झटकले. विषय संपला.

काशानात ही मोठी पंचाईत. घ्यायचं असलं तरी तीनदा नको म्हणायचं, ही रीत. त्यामुळे खरोखरच नको असेल त्या माणसाला म्हणायला शब्दच उरत नाही. सगळे नकार आधीच सभ्यपणात खर्ची पडलेले असतात.

"मग घाल ना आत," अक्दसखानम म्हणाली.

"पाहुण्याला उंबऱ्यातच न्हाणीत ढकलतात का? त्याला जरा चहा पिऊ दे."

अक्दसखानम हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा या घरात हसली. निघताना म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी येते. फिरताना बघायचाय मला."

दार लागल्यावर हशमतआगा म्हणाला, "झालं तर. घाल की."

"नाही घालायचा."

"एक मासा, तूबा. एवढ्या समुद्रात एक मासा."

"हा हौदाचा मासा. वर बर्फाची साय धरली तरी खाली जगतो. माझं पाणी बघा, हात घालून बघा, दूध कोमट करतो तसं आहे. त्यात तो धापा टाकेल. वर खादाड, पाला उपटून खाईल, बकरीसारखा हगेल. आणि लांब शेपूट, मंद चाल. फरिश्ते आता वयात आलेत, कोपरे वाटून घ्यायला लागलेत. ते त्याला जगू देतील?"

"मग शुक्रवारी तासभर घाल. आबजी गेली की काढ."

"म्हणजे खोटं दाखवू."

"तू ज्याला खोटं म्हणतेस त्याला सगळं काशान आदब म्हणतं."

तूबाने भांडं उचलून खिडकीपाशी सावलीत ठेवलं. "शुक्रवारपर्यंत बघते," ती म्हणाली. काय बघणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

*

गुरुवारी तिला फीनकडे नवरीला दोरा लावायला जायचं होतं. दुपार तिकडेच झाली. परत येऊन चप्पल काढता काढता तिने टाकीकडे पाहिलं आणि तिथेच थांबली.

खिडकीतलं भांडं रिकामं होतं. टाकीतला पाला मुळासकट उपटून वर तरंगत होता, पाणी गढूळलेलं. फरिश्त्यांची एक जोडी खोडाजवळून तिरासारखी सुटायची, लाल माशाच्या शेपटीला तोंड मारायची आणि परत फिरायची. लाल मासा पाण्याच्या वरच्या कडेला तोंड उघडंमिटं करत एका अंगावर कलला होता. शेपटीची लक्तरं झालेली.

हशमतआगा पलीकडे भिंतीला टेकून उभा होता. "मी म्हटलं, तुझ्या मागे रुळला तर... शुक्रवारचं टेन्शन नको..."

तूबा पुढे झाली. बाह्या वर केल्या, जाळं घेतलं, मासा अलगद उचलून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत सोडला. मग खिडकीत ठेवलेल्या घागरीतलं शिळं गार पाणी त्यात वाटीवाटीने घालत राहिली. एकदम नाही; गरमातून गारात जातानाही जीव जातो. हवेचा पंप लावला. बादलीवर ओलं फडकं टाकलं आणि शेजारी मांडी घालून बसली.

"मेला असता तर आबजीला काय सांगितलं असतं?" हशमतआगाने बऱ्याच वेळाने विचारलं.

"तुम्ही घातला होता म्हणून."

तोही खाली बसला. एका बाजूला ती, एका बाजूला तो, मधे बादली, जशी अंगावरच्या पोराच्या तापात दोघं बसत तशी. तिन्हीसांजेला मासा सरळ झाला. शेपटीचं फडफडणारं टोक त्याने एकदा हलवून पाहिलं, जणू शिल्लक किती आहे त्याचा अंदाज घेतला.

तूबाने सुस्कारा टाकला. "मासा वाईट नाही," ती म्हणाली. "टाकीही वाईट नाही. तुमची आबजी जे म्हणते ना, तूबाने कातडं सोललं, ते असंच सोललं जातं. दोन्हीकडचं चांगलंच असतं." मग उठत म्हणाली, "उद्या त्या इकडे यायच्या आत आपण तिकडे जाऊ. गाडीत झाडू, ब्रश आणि पाण्याची नळी टाका."

"झाडू कशाला?"

"डोळे निववायला जाताना हात रिकामे नसावेत."

*

शुक्रवारी सकाळी जुनी पेकान मोटार गल्लीबोळांतून डोलीसारखी हळू गेली. तूबाच्या मांडीत बादली होती. अक्दसखानमने दार उघडलं, बादली पाहिली, फडक्याखाली पाहिलं, आणि तिचा चेहरा दगडाचा झाला.

"परत आणलास."

"आत तर येऊ द्या."

"माझं काहीच तुझ्या घरात बसत नाही, असंच ना? मला तेव्हाच सांगायचं होतंस. तोंडावर गोड बोललीस."

"तेव्हा तीनदा नको म्हटलं, वन्सं. तुम्ही ते रीत म्हणून ऐकलंत. आता बिनारितीचं सांगते, ऐका." तूबाने बादली उंबऱ्यावर ठेवली. "माझ्या टाकीतलं पाणी गरम आहे. हा गारव्याचा मासा. काल दुपारी तो तिथे मरता मरता वाचला. बघा शेपूट."

अक्दसखानम वाकली. लक्तरं बघून तिने जीभ चावली. "कुणी केलं?"

"माझ्या पोरांनी. त्यांचं घर, त्यांनी हाकललं."

"आणि आत घातलं कुणी?"

हशमतआगा गाडीचा दरवाजा नीट लागला आहे का ते परत जाऊन बघत होता.

"ते असू दे," तूबा म्हणाली. "दिलेली चीज आता माझी झाली ना? मग ही माझी चीज मी तुमच्याकडे ठेव म्हणून ठेवायला आणलीय. ठेव नाकारायची नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या अंगणात हौद आहे. गार, खोल, ऐसपैस. याची जागा ती."

"हौद कोरडा पडलाय. कियूमर्स गेल्यापासून त्यात पाला आणि मांजरं."

"म्हणून तर झाडू आणला."

अक्दसखानमने एकेकाकडे बघून घेतलं. बादलीकडे, झाडूकडे, तूबाच्या वर खोचलेल्या बाह्यांकडे. मग सुरी पुन्हा बाहेर आली, पण मुठीच्या बाजूने.

"माशाच्या वेळी एवढं सगळं विचारलंस, पाणी गार की गरम, शेपूट केवढी. रश्तची पोर आणताना का नाही विचारलंस?"

"मी विचारत होते, वन्सं. तुम्ही म्हणालात, बाकीचं राहू दे, रंग बघ कसा दुधासारखा आहे. रंग बघून आणलं की असंच होतं. मासा काय आणि माणूस काय."

अक्दसखानमने चादरीच्या टोकाने नाक पुसलं.

"रंग होता मात्र दुधासारखा," ती म्हणाली.

"होता."

"गाणं म्हणायची गं भांडी घासताना. आता भांडी घासताना मला कसंसंच होतं." ती दारातून बाजूला झाली. "ये आत. चपला पायातच राहू दे, अंगणात काटे आहेत."

हौदात उतरून आधी पाला काढला, मग मोडकी खुर्ची निघाली, मग तळाचं काळं शेवाळ. तूबा ब्रश मारत होती, अक्दसखानम काठावर बसून नळी धरत होती आणि दर थोड्या वेळाने सांगत होती, "तो कोपरा राहिला." निळ्या फरशा एकेक करून उजेडात यायला लागल्या. हशमतआगाला दोघींनी मिळून पाल्याची टोपली वाहायला लावलं. मासा तोवर जुन्या भांड्यात, डाळिंबाच्या झाडाखाली.

"आजच सोडू?" अक्दसखानमने विचारलं.

"छे. नळाच्या ताज्या पाण्यात औषध असतं. पाणी नुसतं राहू दे. मी येऊन हात घालून बघेन, मग सोडू."

"कधी येशील?"

"परवा. मग दर शुक्रवारी. माझी ठेव आहे, मला बघायला यायलाच हवं."

अक्दसखानम नळीची धार तळव्यावर घेऊन बघत राहिली. "एकटाच राहणार का हा एवढ्या हौदात? झुरेल की."

"जबीहकडे जाऊ. याच्याच जातीचे, गारव्याचे आणू."

"तू निवडणार?"

"तुम्ही रंग बघा," तूबा म्हणाली. "बाकीचं मी विचारते."

*

शनिवारी पुन्हा वारा होता. खिडकीच्या चौकटीवर पुन्हा तीच मऊ पिवळी धूळ. तूबाखानमने डोक्याला रुमाल आवळला आणि टाकीजवळ गेली. लाल मासा तासाभरच आत होता, पण बाहेरचा जीव जाताना काय ठेवून जाईल सांगता येत नाही. तिने एकेका माशाचं अंग निरखलं, कुठे पांढरा ठिपका आहे का. अजून तरी नव्हता. उपटलेला पाला तिने पुन्हा वाळूत खोचला, थोडं गढूळ पाणी बादलीत काढलं. फरिश्ते काचेपाशी येऊन तिच्या बोटांकडे बघत राहिले, जणू त्यांनी काहीच केलं नव्हतं.

"आबजीने सलाम सांगितलाय," मागून हशमतआगा म्हणाला.

"कधी?"

"आत्ता. फोन होता. हौदातल्या पाण्यात चिमण्या उतरतात, चालेल का विचारत होती."

"चालेल म्हणावं."

दारावर थाप पडली. दोरा लावून घ्यायला बाई आली होती. तूबाखानमने हात पुसले, खुर्ची टाकीकडे तोंड करून मांडली, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि डोळ्यांनीच नवऱ्याला खुणावलं: बादली राहिलीय, तेवढी ओतून या.